मठातला गावठी गुलाब

बसव्वा गुलाबाला डोळा भरते. म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटाची साल चिरते, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा नखाएवढा डोळा तिथं बसवते आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधते. विजापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेत तीस वर्षं हेच काम. आमच्या गल्लीतले सगळे गुलाब तिच्या हातचे. जे मेले ते लोकांनी लाडानं पाणी ओतून मारले.

तिचा जीव मात्र एकाच झाडात अडकलेला होता. आमच्या घरामागच्या मठात जुना गावठी गुलाब होता. फूल फिकं, चुरगळल्यासारखं, दुपारी गळून जायचं. पण वास रस्त्यापर्यंत. हल्लीचे गुलाब आठ दिवस टिकतात आणि त्यांना कागदाचा वास येतो. मठाला ते रोप कुणा मुसलमान अत्तरवाल्यानं दिलं होतं म्हणे. मग ते मठातल्या लिंगावर कसं चालतं, असं विचारणारे शहाणे भेटतात. अहो, गुलाब हा शब्दच फारसी आहे. तोच दर्ग्याच्या चादरीवर, तोच लग्नाच्या हारात, तोच तिरडीवर. फुलाची काही तक्रार नाही.

बसव्वा कलमासाठी काडी मागायची आणि मठाचे थोरले स्वामी नकार द्यायचे. देवाच्या झाडाला सुरी लावायची नाही, हा नियम. त्यामुळे त्या गुलाबाचं दुसरं रोप कुठंही झालं नाही. थोरले गेले, वाळवी लागली आणि एकच फांदी हिरवी उरली, तेव्हा त्यांचे चिरंजीव सोमेशस्वामी स्वतः बसव्वाकडे गेले.

फांदीवर तीनच डोळे निघाले. ते तिनं तीन कुंड्यांतल्या खुंटांवर भरले. आठवड्यात मूळ झाड वाळलं. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तर दोन डोळे काळे पडलेले. तिसरा हिरवा होता. त्यातून करंगळीएवढा कोंब आला आणि नेमका बसव्वाला डेंग्यू झाला. कुंडी तिनं मठात ठेवली. पाणी बेतानं घाला, बाकी हात लावू नका, असं बजावलं.

महिन्यानं मीच तिला धरून मठात नेलं. स्वामी खुशीत होते. कुंडीत हातभर सरळ फोक उभा. शेजारी एक वाकडा, रोगट कोंब होता, तो कापून सगळं बळ याला दिलं, असं त्यांनी सांगितलं.

बसव्वा खाली बसली. एका देठावरची पानं बोटानं मोजू लागली. "ऐदु, आरु, एळु." कानडीतले पाच, सहा, सात. आणि तिनं सुरी काढली.

स्वामींनी तिचं मनगट धरलं. "बसव्वा, एवढंच उरलंय."

"हे तुमचं न्हाय, स्वामी. तुमचं तुमी कापलं की. हे रानटी हाय, खुंटाचं. गावठीला पाच पानं."

"तुम्ही तापातून उठलाय. चुकलात तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वनस्पतिशास्त्राची पदवी आहे ना माझी. पण सात पानं म्हणजे रानटीच, असं शपथेवर मला सांगता येत नव्हतं. तसं मी सांगून टाकलं. खोटा धीर देणं मला जमत नाही.

बसव्वानं त्यांच्या दुसऱ्या हाताचा अंगठा ओढून खोडावर टेकवला. "हितं गाठ लागती? हितं मी डोळा भरला. हा फोक तिच्या खालनं आलाय. कापलेल्या बुडात अजून जीव हाय, पर हा त्याला जेवू देईना."

"आणि तो जीव नसला तर?"

"मग दोनी गेलं."

स्वामींचा अंगठा कितीतरी वेळ त्या गाठीवर फिरत राहिला. मग त्यांनी मनगट सोडलं. बसव्वानं फोक पार मुळाशी कापला. कुंडीत बोटभर उघडा खुंट राहिला. तिनं सुरी पुसली आणि आम्ही दोघी घरी निघालो.

अकराव्या दिवशी स्वामी माझ्या दारात आले. बसव्वाकडे जायचा धीर नव्हता. मी मठात जाऊन पाहिलं, तर गाठीवर लालसर टोक दिसत होतं, पान मिटलेलं. मी बसव्वाला बोलावलं. तिनं पाहिलं आणि चार दिवस कुणी जवळ जायचं नाही म्हणाली.

पान उघडलं. पाच. स्वामींनी तीनदा मोजलं. तोवर बसव्वा कुंडी कडेवर घेऊन रोपवाटिकेकडे निघालीसुद्धा. मठात परत कधी आणणार, असं त्यांनी मागून विचारलं.

"पावसाळा होऊ द्या," ती म्हणाली. "मग बगू."

स्वामी तिच्यासाठी रिक्षा बघायला रस्त्यावर गेले.