पुढच्या साली कोण राहील?

सत्तावन्न साली अंबरनाथच्या बिस्किटांच्या कारखान्यात दुसरी भट्टी बसायची होती, आणि तिच्याआधी जयदेवचं डोकं तापलं. लेबर ऑफिसातला तो सर्वांत नवा कारकून, गावातला पहिला मॅट्रिक आणि अजून टेम्पररी. हेमचंद्र साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "पुडे बांधणाऱ्या मुली लग्न झालं की काम सोडतात. सासर पाठवत नाही. तर पुढच्या साली जुन्या किती राहतील, नव्या किती घ्याव्या लागतील, याचा अंदाज काढ. बरोबर आला तर तुला कायम करतो."

कायम! तो शब्द जयदेवच्या कानांत लेझीम खेळू लागला.

त्यानं पुडे बांधायच्या खात्यात जाऊन सरळच विचारलं, "तुमची लग्नं कधी?" सगळ्या मुली पदरात तोंड घालून हसल्या. खरवईची वेणू मात्र उघड हसली. "आधी तुझा सांग, कारकुना!" तिच्याकडे बघताना जयदेवची बेरीज नेहमीच चुकायची. तो पळाला.

बापांनाच विचारावं म्हणून रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला. आता, असा बिनलग्नाचा, नोकरीवाला पोरगा दारात उभा राहून 'तुमच्या मुलीचं ठरलंय का?' असं विचारतो, तेव्हा तो कशाला आलाय हे शेंबड्या पोरालाही कळतं. जयदेवला कळलं नाही. त्याच्या डोक्यात भट्टी होती.

पहिल्या घरी पोहे आले. दुसऱ्या घरी पोह्यांमागून मुलगी आली. तिसऱ्या घरी बनूबाई नावाच्या आजीनं त्याला अंगणात चालून दाखवायला लावलं.

"लंगडत तं नाय ना? दात दाखव. नोकरी कायम हाय का?"

"त्याचसाठी तर फिरतोय, आजी."

"मंग कायम झाल्यावर ये!"

प्रत्येक बाप छाती फुगवून सांगे, "यंदा उजवणारच!" जयदेव ती मुलगी जाणाऱ्यांत धरी आणि पुढच्या पोह्यांकडे वळे.

खरवईला पोचला तेव्हा बातमी त्याच्याआधी पोचली होती. वेणूचा बाप हरिचंद्र ओटीवर बसला होता. वेणू दारात, हात कमरेवर.

"किती पोरी बघितल्यास रं?" तिनं विचारलं.

"बघितल्या नाहीत. मोजल्या."

"आनि आमचा घर शेवटाला?"

"मुद्दामच ठेवलं," जयदेव बोलून गेला, आणि दिवसभर आपण काय करत हिंडलो ते त्याला आत्ता उमगलं. आड, माड, हरिचंद्राचं मुंडासं, सगळं गरगर फिरलं. हरिचंद्र मांडीवर थापा मारून हसत होता.

वेणू हसली नाही. "लगीन झाल्यावर काम सोडायला लावशील?"

क्षणभर जयदेवच्या मनात आलं, आई काय म्हणेल, गाव काय म्हणेल. मग त्यानं वेणूच्या कमरेवरच्या हातांकडे पाहिलं.

"नाही. तुला राहणाऱ्यांत धरतो."

"मंग पोहे पुरे. भाकरी खा."

त्यानं साहेबांना सांगितलं, निम्म्या तरी जातील. पण वेणूची अट नळावर फुटली. दुसरीनं आपल्या नवऱ्या मुलाला तेच विचारलं, मग तिसरीनं. बनूबाईनं तर नातीच्या वतीनं स्वतःच विचारलं. चैत्र-वैशाखात लग्नं लागली, हळदी फिटल्या, आणि साऱ्याजणी हिरव्या चुड्यांनिशी कामावर हजर! त्यात नव्या घेतलेल्या मुली. मेजांपाशी उभं राहायला जागा नाही. चुड्यांच्या किणकिणाटात भट्टीचा भोंगा ऐकू येईना.

"अंदाज साफ झोपला, जयदेव!" साहेब ओरडले. "कुणापासून सुरू झालं हे?"

जयदेवनं काचेतून बोट दाखवलं. चुडा मागं सारून वेणू नव्या मुलींना पुडे बांधायला शिकवत होती, आणि मुली तिचं ऐकत होत्या. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. त्या महिन्यात कायम झाली ती वेणू, नव्या मुलींवरची मुकादम म्हणून. जयदेव आणखी एक साल टेम्पररी राहिला, आणि गावभर ते हसत सांगत फिरला.

"पुढच्या सालचा अंदाज काढशील ना?" साहेबांनी विचारलं.

"काढतो, साहेब. पण घरोघर जाणार नाही."

"का रे?"

"बायको पाठवत नाही."