झाड जोडायला गेलो आणि…

ऐका, माझ्या हातून एकदा अख्ख्या छावणीतली जनावरं गायब झाली होती. म्हणजे जनावरं जागेवरच होती हो, रवंथ करत. गायब झाली ती कॉम्प्युटरमधून. पण त्या दुष्काळात यादीत नसलेल्या जनावराला चारा मिळत नव्हता. मग फरक काय राहिला, सांगा!

घाटनांदूरजवळ आमच्या दूध सोसायटीनं चारा छावणी काढलेली. मी सुधाकर, सोसायटीचा कॉम्प्युटरवाला. रोज सकाळी यादी छापायची: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जनावर, मालक. तिच्यावरून ऊस, वाढं, पेंड वाटायची.

आता माझा शहाणपणा बघा. चांगला चालणारा कॉम्प्युटर पुसून मी त्यावर लिनक्स टाकलं, तेही फायली ठेवायच्या एकदम नव्या पद्धतीचं. लाईट गेली तरी फाईल खराब होत नाही, असं कुठंतरी वाचलेलं. चेअरमन अण्णांना तसं छाती ठोकून सांगूनही टाकलं.

एका सकाळी लाईट चार वेळा आली नि गेली. त्यानंतर कॉम्प्युटर चालू व्हायचा, डिस्कवरच्या फायली वाचायला लागायचा आणि मान टाकायचा.

माझा कॉलेजचा दोस्त मुजीब पुण्यात याच कामात. पण छावणीत रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टँकरवर चढल्यावर. चढलो.

"हे बघ," मुजीब म्हणाला, "फायली झाडासारख्या ठेवलेल्या असतात. मूळ, मुळापासून फांद्या, फांद्यांना पानं. पान म्हणजे तुझी फाईल. फांदीचा पत्ता चुकला की पान सापडत न्हाई. आता नीट ऐक. रिपेअरची कमांड चालव…"

आणि फोन कट. परत लागेचना.

खाली अण्णा उभे. "काय म्हनला बे?"

"झाड मोडलंय अण्णा. जोडायचंय."

"कोन्तं झाड?"

"कॉम्प्युटरमधलं."

अण्णा म्हणाले, "हितं जनावराला प्यायला पानी न्हाई, अन् तू झाड कावून लावलं बे?"

मी रिपेअर सुरू केलं. मशीन विचारायची, ही फांदी जुळत नाही, काढून टाकू? हो. ही काढू? हो. तीसेक वेळा हो म्हटल्यावर कंटाळा आला. सगळ्यालाच एकदम हो म्हणायची सोय असते, ती वापरली.

कॉम्प्युटर चालू झाला. "झालं अण्णा!" मी आतूनच ओरडलो.

यादी उघडायला गेलो तर यादीच नाही! सगळी पानं एकाच फोल्डरात ढीग करून टाकलेली. नावं गेली, नुसते नंबर. निम्म्या फायली अर्धवट तुटलेल्या. जनावरांची यादी तर कुठंच लागेना.

बाहेर हंबरडे सुरू झालेले. दोन गाया घेऊन छावणीत राहिलेली सरूबाई खिडकीशी आली. "बाबा, तुझं मशीन बिघडलं म्हून माझी गाय उपाशी व्हय? ती बघ, तुझ्याकडंच बघायली."

गाय खरंच माझ्याकडं बघत होती. मला मान वर करवेना.

शेवटी अण्णांनीच सांगितलं, आज सगळ्यांना सरसकट चारा वाटा, आणि ह्यानं दावणीवर जाऊन यादी नव्यानं करावी. मग काय! वही घेऊन एकेका जनावराचा कान धरत फिरलो. एक म्हैस तोंडावर शिंकली. एका बैलानं वहीचं पान खाल्लं, ती अख्खी रांग परत लिहिली. दिवस मावळायच्या आत सगळी यादी कॉम्प्युटरमध्ये भरली आणि पुन्हा टँकरवर चढलो.

"अरे, रिपेअर चालवू नको म्हणत होतो!" मुजीब ओरडला. "आधी डिस्कची कॉपी काढायची असती. सकाळी स्क्रीनवर काय आलतं?"

मी कागदावर उतरवून घेतलं होतं, ते वाचून दाखवलं.

"सुध्या, तुझं झाड धडधाकट होतं बे. ते वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्येच चूक होती, म्हणून तो पडत होता. नुसता नवा प्रोग्रॅम टाकला असता तर सगळं जागेवर दिसलं असतं."

मी खाली उतरलो. अण्णा विचारत होते, त्यांना "रेंज नव्हती" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नवी यादी छापली. अण्णांनी स्वतः माईक घेतला.

"बिल्ला नंबर एक. मालक… मालक मीच? जनावर…" अण्णा थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. "जनावर, सुधाकर."

छपाई नीट येते का बघायला पहिल्या ओळीत मी काहीबाही टाईप केलेलं, ते पुसायचंच राहिलं होतं! छावणी हसून लोळायला लागली. अण्णांनी माईक काही बंद केला नाही.

"आता ह्याला चारा कोन्ता द्यायचा? मोठ्या जनावराचा का ल्हान्याचा?"

"ल्हानंच धरा अण्णा," सरूबाई दावणीवरून ओरडली, "अक्कलदाढ आली न्हाई अजून!"

त्या दिवशी सुधाकर नावाच्या लहान जनावराला चारा निघाला. मिळाल्याची सही मलाच करावी लागली.