बेरियममध्ये बुडवलेली भाकर

माझ्या घशाखाली भाकर अडकायची आणि घरात कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता. पाणी जायचं, आंबील जायची. ज्वारीची भाकर मात्र छातीच्या मधोमध थांबायची आणि मला ताटावरून उठून परसात पळावं लागायचं. सासरी, तामसीत, याला मास्तरीणबाईचे नखरे म्हणत. नवऱ्याचंही तेच मत होतं, फक्त तो ते हळू बोलायचा.

आधी नागपूरला दुर्बीण झाली. नळी घशातून पोटापर्यंत उतरली, जीव नकोसा झाला, आणि डॉक्टर म्हणाले, रस्ता मोकळा आहे. मग आदिलाबादला बेरियम झालं. शाळेतले खडू पाण्यात कालवावेत तसलं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. तेही सरळ खाली गेलं. मग हा मनाचा आजार ठरला आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. त्या मी उकिरड्यावर फेकल्या. झोप मला चांगली लागत होती, भाकर जात नव्हती.

पातळ पाजून बघायचं आणि घट्टही जातं म्हणून सांगायचं, हे कुठलं शहाणपण? वर्गात एखाद्या पोरीला बेरीज विचारून तिला भागाकार येतो असं मी कधी ठरवलं नाही.

मी पुन्हा आदिलाबादची बस धरली. नवरा कुरकुरत सोबत आला. एक्स-रेच्या खोलीत मी डब्यातली भाकर काढली. तेलुगू डॉक्टर म्हणाले, "मॅडम, इधर खाना नहीं खाते."

"खाना नहीं, जाँच है," मी म्हटलं. "आपकी दवाई में भिगाके खाती, आप देखो. नहीं अटकी तो फिर कभी नहीं आती."

त्यांनी पांढऱ्या औषधाचा पेला पुढे केला. मी तुकडा बुडवला, रोजच्यासारखा चावला आणि गिळला. अडकला. छातीत कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं आणि मला मनापासून आनंद झाला. डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून पडदा दाखवला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी अरुंद कडं होतं आणि त्याच्यावर पांढरा तुकडा तटून बसला होता. हे कडं ताणून रुंद करता येतं, असं त्यांनी सांगितलं.

बसस्टँडवर नवरा म्हणाला, "इतकं अडकते तं सांगाचं होतं ना तू."

"सांगूनच तं राह्यली होती," मी म्हटलं. "आता घरी तुमी सांगा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं."