तात्यांनी मारलेली फक्कीची रेघ

मंडळी, आज सकाळी आमच्या गायरानावर झाडं लावायला कळंबजवळचं आमचं अख्खं गाव जमलं होतं.

सगळ्यात पुढं तात्या. गायरानाला लागूनच त्यांचं रान. चहा त्यांचा, ट्रॅक्टर त्यांचा, खड्ड्यांसाठी पांढऱ्या फक्कीची रेघही त्यांनीच मारलेली. दारात तुळस न लावणाऱ्या माणसाला एवढा उत्साह? माझ्या मनात पाल चुकचुकली.

रेघ त्यांच्या बांधापासून बैलगाडी वळेल एवढी गायरानात आत होती.

"तात्या, मधली पट्टी का सोडली?"

"तिथं लई खडक हाय, पोरी. झाड जगायचं न्हाय."

मी तिथंच पहार मारली. भुसभुशीत मातीत वीतभर आत गेली. सगळे हसले. तात्याही हसले.

शेजारची जमीन ढापायला आमच्याकडं नांगरानं बांध कोरतात. झाडं लावूनही कोरता येतो, हे आज कळलं. झाडं वाढली की तीच गायरानाची हद्द, अन् बाहेरची पट्टी आपसूक तात्यांची!

मग आम्ही पहिलं लिंबाचं रोप त्यांच्या बांधाला खेटूनच लावलं.

तात्या गोड आवाजात म्हणाले, "ह्या झाडाला रोज पाणी म्याच घालीन."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सांगा, ह्या झाडाला आता तात्यांपासून कसं वाचवायचं?