आप्पांची टॉवेल-टोपी
आमच्या प्रकाशा गावात कबड्डीत कुणी जबरदस्त पकड केली, की जाणतं माणूस मैदानात जाऊन त्याला टॉवेल-टोपी देतं. वडिलांना मी अहमदाबादला लीगचा सामना दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी पिशवीत तीच आणली होती. सामना संपल्यावर आप्पा कठड्याशी गेले आणि टोपी उंच धरून हरलेल्या संघातल्या, पण जबरदस्त पकड केलेल्या एका खेळाडूला हाका मारू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सदरा ओढत मी खेकसलो, “बठा ना आप्पा, लोके हासी ऱ्हायनात!”

ते जागेवर जाऊन बसले आणि टोपीची घडी घालू लागले. मी खाली पाहिलं. तो खेळाडू कठड्याखाली येऊन टोपी घालून घ्यायला मान वाकवून उभा होता.

माझंच चुकलं असं ठरलं असतं, म्हणून मी आप्पांना अजून ते सांगितलेलं नाही.