बाटलीतला निळा रंग

पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर पाणी तपासायला जाताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं, असा लोकांचा समज. कारखान्यांत वापरली जाणारी काही रसायनं पाण्यात वर्षानुवर्षे तशीच राहतात. ती विहिरीपाशीच, थोड्या खर्चात ओळखता यावीत, हा आमचा प्रकल्प. बाटलीतल्या पाण्यात निळ्या रंगाचे थेंब आणि तेलासारखा एक द्रव घालून हलवायचं. द्रव निळा झाला, तर पाण्यात काहीतरी आहे.

वाड्यावरच्या काकीने तिच्या विहिरीचं पाणी भरून पाठवलेल्या बाटलीत द्रव गडद निळा झाला. तिची सून गरोदर होती. मी कळवल्यापासून काकी चढण चढून देवळाजवळच्या नळाचं पाणी आणू लागली.

पुन्हा तपासावं म्हणून मी म्हापशाच्या कॉलेजातून बस पकडून तिच्याकडे गेले. या वेळी पाणी स्वतः काढलं. रंग फिका आला, पण आला.

"काकी, ती बाटली कशी भरलेलीस?"

"कशी म्हणजे? साबणान बरी घासली, मगे भरली. कॉलेजात जातली बाटली, घाणेरडी कशी दिवची?"

साबणानेही आमचा द्रव निळा होतो. पण आजची बाटली तर माझी होती. मी आजूबाजूला पाहिलं. विहिरीला लागूनच धुण्याचा दगड, त्याच्याखाली फेसाचं पाणी जमिनीत मुरत होतं. हा फिका रंग साबणाचा की त्या रसायनांचा, आमच्या चाचणीला सांगता येत नव्हतं. प्रकल्पाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू, पण नंबर लागायला वेळ लागेल. तिथे पाठवावं लागू नये, म्हणूनच तर आम्ही वर्षभर खपत होतो.

"मगे? ह्यां पाणी पिवचां काय नाय?"

"माहीत नाही, काकी."

"इतक्या शिकलंस आणि म्हायत नाय?" ती हसली, पण त्या हसण्यात जोर नव्हता. नळाच्या पाण्याची कळशी तिने नुकतीच खाली ठेवली होती, धाप अजून लागत होती.

दम खाऊन ती उठली. "सुनेक नळाचां. माका ह्यां चलात."

"नको, काकी. निकाल येईपर्यंत तरी..."

"दोघांक पुरात इतक्या पाणी तू हाडून दितलंस?"

रोज दोघींपुरतं पाणी चढणीवरून आणायला मी इथे थोडीच असणार होते. तिने विहिरीतून दुसरी कळशी ओढली, तांब्या बुडवला आणि उभ्याउभ्याच पाणी प्यायलं.