शामळभाईंचा सोमवारचा ठिपका

शामळभाई प्रजापतींच्या हाताला डेअरीत मान होता, आणि त्या मानाची सगळ्यांत जास्त काळजी खुद्द शामळभाईच घेत. मेहसाण्याच्या वाटेवरच्या त्या लहानशा डेअरीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी ताकाचा आंबटपणा मोजला. काचेच्या नळीतून सोड्याचं पाणी थेंबथेंब ताकात सोडायचं आणि ताक पुसटसं गुलाबी झालं की तोटी बंद. गुलाबी म्हणजे किती गुलाबी, हे ते एक डोळा मिटून ठरवत. दुसऱ्या कुणाचा आकडा कधी खोडला गेला असेल. ह्यांचा एकही नाही.

कॉम्प्युटर आला तो पन्नाशीत. भाच्यानं शिकवला. आकडे एकाखाली एक भरायचे, ठिपके जोडणाऱ्या आलेखाचं पहिलं बटण दाबायचं, एवढं जमलं आणि गड्यानं शिकणं बंद केलं. त्यातही हट्ट एकच, रेघ प्रत्येक ठिपक्यातून गेली पाहिजे. एखादा ठिपका बाहेर राहिला की घरच्या लग्नात आत्याबाई रुसून बसल्यागत त्यांचा जीव खालीवर होई.

यंदा मसाला ताकाचं नवं पाकीट निघायचं होतं. किती दिवसांची मुदत छापायची, ते शामळभाईंच्या आलेखावर ठरणार. आंबटपणा ऐंशीवर गेला की ताक बाद. पाकिटं बुधवारी भरून थंड कपाटात ठेवली. बुधवारपासून शनिवारपर्यंत आकडे आले एकोणसाठ, बासष्ट, पासष्ट, अडुसष्ट. आक्षी पायरीसारखे. मग सोमवारी सकाळी एकदम चौऱ्याहत्तर.

सरळ रेघ काही त्या ठिपक्याला शिवेना. शामळभाईंनी रेघ वाकवली, आणखी वाकवली. शेवटी पाचही ठिपके तिनं पोटात घेतले तेव्हा ते खुर्चीत मागं रेलले आणि बशीतला चहा एका घोटात संपवला.

शेजारी दुधातलं फॅट मोजणारी जागृतीबेन मान लांब करून बघत होती. "काका, ही रेघ फुडं कुठं चाललीय?"

"फुडं म्हंजे?"

"शनवारपातुर ताक लिंबावानी आंबट व्हनार, असं म्हनती ती. मसाला ताक कशाला, लोणच्याच्या बरणीत भरून विका."

"तू तुझं फॅट बघ."

पण मोठ्या बाई निमिषाबेन यांनीही तेच पाहिलं. वयानं लहान, हुद्द्यानं मोठ्या. "शामळकाका, सोमवारचा आकडा काढून टाकू. चारच ठिपक्यांवर सरळ रेघ बसते, सात दिवस येतात. शेजारी 'मोजणीत चूक' लिहा आणि सही करा. तीन वाजता कागद छपाईला जायचाय."

"चूक न्हाई, बेन."

"मग ताक एका दिवसात दुप्पट वेगानं का आंबलं?"

शामळभाईंनी सोमवारचं पाकीट पुन्हा काढलं. एक डोळा मिटून मोजलं, मग दोन्ही उघडे ठेवून मोजलं, मग चष्मा पुसून मोजलं. तिन्ही वेळा चौऱ्याहत्तर. डब्यातली थेपली तशीच राहिली.

"रईवारी काय केलं वो, काका?" जागृतीबेननं विचारलं. "हात कुठं दुखावला का?"

"रईवारी काय करनार? फाफडा खाल्ला, झोपलो. लॅब बंद."

"आन् ताक?"

"ताक हितंच कपाटात..." शामळभाई बोलता बोलता थांबले. कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ सरकले आणि आलेखावर बोटं ठेवून अंतर मोजू लागले. शुक्रवार ते शनिवार दोन बोटं. शनिवार ते सोमवार, तेही दोनच बोटं.

"च्यायला," ते हळू म्हणाले, "रईवार कुठाय ह्यात?"

रविवारी मोजणी नाही म्हणून रविवारची ओळच नव्हती. ओळ नाही, म्हणून त्या आलेखानं शनिवारला सोमवार खेटून बसवला होता. शामळभाईंना सुट्टी होती. ताक बिचारं कपाटात आंबतच होतं. त्यांनी मधे एक रिकामी ओळ घातली, नुसतं 'रविवार' लिहिलं. सोमवारचा ठिपका एक घर बाजूला सरकला. सरळ रेघ ओढली तशी ती पाचही ठिपक्यांवरून गेली आणि सातव्या दिवशी ऐंशीला टेकली.

निमिषाबेननी कागद वाचला. "म्हणजे सातच दिवस. सोमवार खोडला असता तरी सातच आले असते."

"आलं असतं. पर माझा आकडा खोडून," शामळभाई म्हणाले.

निमिषाबेननी स्वतःच लिहून ठेवलेलं 'मोजणीत चूक' कापलं आणि सही केली. शामळभाई टेबलाकडं वळणार तोच बेननी विचारलं, "काका, दह्याचे, श्रीखंडाचे आलेख कुणी काढलेत?"

"मीच. समदे."

"त्यांत रविवार आहेत?"

शामळभाईंनी एक डोळा मिटला, पण उत्तर काही गुलाबी होईना. "आकडे बरोबर हायत, बेन."

"आकड्यांबद्दल कुठं म्हणतेय मी. उद्यापासून बसा. चार वर्षांचे."

जागृतीबेननं तेवढ्यात कॅलेंडर काढून मोजायला घेतलंच. "दोनशे आठ रईवार व्हत्यात, काका," ती म्हणाली. "म्या चहा सांगती."